पहिल्या गोळीच्या आधी

माझी बायको मजकूर उलटा वाचायची. म्हणजे शेवटच्या शब्दापासून सुरू करून पहिल्या शब्दापर्यंत. ही काही खोड नव्हती, तो तिचा धंदा होता. आम्ही दोघं एकाच छापखान्यात होतो. तिथे पुस्तकं वगैरे छापत नसत. औषधाच्या खोक्यात गोळ्यांबरोबर एक पातळ कागद असतो, बारीक अक्षरांचा. आपण सगळे तो उघडतो, परत घडी घालायला जातो, ती जमत नाही आणि मग फेकून देतो. तो कागद आम्ही छापायचो. ती प्रूफं तपासायची, मी घडीच्या मशीनवर होतो. हातरुमालाच्या दुप्पट कागद काड्यापेटीत मावेल एवढा करायचा, हे माझं काम.

"सरळ वाचलं की डोळा पुढे पळतो," ती सांगायची. "पुढे काय येणार ते त्याला ठाऊक असतं. मग तो नसलेलं अक्षरसुद्धा बघून घेतो. उलटं वाचलं की प्रत्येक शब्द एकटा सापडतो."

त्यासाठी तिने जाड पुठ्ठ्याला एक खिडकी कापली होती. एका वेळी एकच ओळ दिसेल एवढी. ती खिडकी खालून वर सरकवत जायची आणि ओळीत उजवीकडून डावीकडे. कागद निर्दोष निघाला की कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. त्या खुणेला लांब शेपटी असायची. ती खूण पडल्याशिवाय मालकसुद्धा मशीन चालू करत नसत. छापखान्यात तिला सगळे चाळणी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

आमची ओळखसुद्धा तिच्या तक्रारीतून झाली. ती एक दिवस घडीखात्यात आली, हातात कागद, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "ही घडी कोणी घातलीय? बरोबर ओळीवर बसलीय. दोन दिवसांत शाई उडेल आणि माणूस अर्धाच डोस वाचेल."

मी म्हणालो, "कोणी वाचत नाही हो तो कागद."

"मग आपण दोघं इथे काय करतोय?"

मी घडी सरकवून दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या पट्ट्यात आणली. पुढे आठ महिन्यांनी लग्न केलं.

हे सगळं सांगतोय कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

ती चोपन्न वर्षांची होती तेव्हा तिला लघवीचा संसर्ग झाला, कमरेत कळा आणि सडकून ताप. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. दोन दिवसांत ताप उतरला. औषधाने काम चोख केलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ती स्वतः ही गोष्ट सांगताना नेहमी हे आधी सांगायची. त्याच महिन्यात तिला दम्याचा त्रास वाढला होता म्हणून छातीच्या डॉक्टरांनी स्टिरॉइड चालू केलं होतं. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या. एकाने दुसऱ्याची चिठ्ठी मागितली नाही आणि आम्ही दाखवली नाही.

गोळ्या संपल्यावर तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, टाचेच्या मागे काहीतरी ओढल्यासारखं होतंय."

मी म्हणालो, "जाईल आपोआप."

हे माझं वाक्य. आयुष्यभर मी ते प्रत्येक गोष्टीला लावत आलो. नळ गळतोय, जाईल आपोआप. पंखा आवाज करतोय, जाईल आपोआप. लेकीने पहिल्यांदा जावयाला घरी आणलं तेव्हा त्याने काय ती मिशी ठेवली होती, मी आत स्वयंपाकघरात येऊन म्हणालो, जाईल आपोआप. ती मिशी खरोखरच गेली, म्हणून माझा विश्वास जरा जास्तच बसला होता.

ती तशीच कामावर जात राहिली. आणखी दहा-बारा दिवस. सकाळी पलंगावरून उतरताना भिंत धरायची. मी बघत होतो, आणि तेच म्हणत होतो.

मग एका शनिवारी दुपारी वाचनालयाच्या पायऱ्या चढताना तिच्या उजव्या पायात फटकन आवाज झाला. सुकी काटकी मोडावी तसा. तिला वाटलं मागून कोणी लाथ मारली. ती पडता पडता कठडा धरून वळली आणि मागच्या माणसाला म्हणाली, "लाज नाही वाटत? बाईमाणसाला लाथ मारता?"

मागे एक म्हातारे गृहस्थ होते, चार पायऱ्या खाली, दोन्ही हातांत पावाच्या पिशव्या. ते म्हणाले, "अहो बाई, माझा पाय एवढा लांब असता तर मी सर्कशीत गेलो असतो."

ती दुखण्यातही हसली. त्या गृहस्थांनीच तिला बसवलं, रिक्षा आणली, आणि घाईत त्यांची एक पिशवी आमच्याकडे राहिली. दवाखान्यात मी पोचलो तेव्हा ती खाटेवर पावाची पिशवी पोटाशी धरून बसली होती. मला बघून म्हणाली, "पत्ता विचारायचा राहिला हो. शिळा होईल."

पोटरीला टाचेशी बांधणारी एक जाड दोरी असते. डॉक्टर तिला कंडरा म्हणाले. ती तुटली होती. ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं. दुसऱ्या टाचेतही तेच ओढल्यासारखं सुरू झालं. मग तळपायांची आग. आधी मुंग्या, मग आग, मग असं की चादर पायांवर सहन होत नव्हती आणि चप्पल पायातून निघून गेलेली कळत नव्हती. एकाच पायात हे दोन्ही कसं असू शकतं, मला कधी समजलं नाही. एकदा ती घरातून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत एकाच चपलेने जाऊन आली. दुसरी दारातच होती.

आम्ही विचारत फिरलो. एक म्हणाले वजन. एक म्हणाले वय. एक म्हणाले चपला बदला. ज्यांनी गोळ्या दिल्या होत्या ते डॉक्टर म्हणाले, "गोळ्या संपून सहा आठवडे झाले हो. त्यांचा काय संबंध?" माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मात्र पहिल्याच दिवशी, तिचा पाय हातात घेऊन, वर न बघता विचारलं, "मधे कुठलं अँटिबायोटिक घेतलंत का?"

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्या गोळ्यांचा कागद कुठाय?"

"फेकला असशील."

"मी नाही फेकत. तुम्ही फेकता."

खरं होतं. मी खोकं मोडून कचऱ्यात टाकलं होतं. गोळ्यांचं नाव मात्र चिठ्ठीवर होतं. ते वाचून ती म्हणाली, "हे आपल्याकडचं आहे."

दुसऱ्या दिवशी मी छापखान्यातून तो कागद आणला. घडी माझीच होती, अकरा वेळा मोडलेली. मी ती उघडून टेबलावर पसरली, तिने चष्मा लावला आणि सवयीने पुठ्ठ्याची खिडकी उचलली. मग खिडकी बाजूला ठेवली. तो कागद तिने आयुष्यात पहिल्यांदा सरळ वाचला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, बोट ठेवून, शाळेतल्या मुलीसारखा.

मधल्या स्तंभात होतं सगळं. या गटाच्या अँटिबायोटिकांनी, फ्लुरोक्विनोलोन असं त्या गटाचं नाव, कंडरेला सूज येऊ शकते, ती तुटू शकते, बहुतेक वेळा टाचेमागची. साठीनंतर धोका जास्त, स्टिरॉइड चालू असेल तर जास्त. औषध संपल्यावर काही महिन्यांनीही होऊ शकतं. नसांना इजा होऊ शकते, आग, मुंग्या, बधिरपणा, आणि ती कायमची राहू शकते. असं क्वचितच होतं, हेही होतं.

ती मला म्हणाली, "छापखान्याच्या कपाटातली मूळ प्रूफं आणाल?"

मी परत जाऊन आणली. खालच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची खूण होती, लांब शेपटीची. मजकूर बदलला की ती नव्याने तपासायची. सात वर्षांत असे पाच कागद निघाले होते, आणि पाचही कागदांवर तिची खूण होती.

"पाच वेळा," ती म्हणाली. "पाच वेळा माझ्या हाताखालून गेलंय हे. एक अक्षर सुटलं नाही, आणि मजकूर मात्र सगळाच सुटला."

मला वाटलं आता ही रडणार. ती हसायला लागली. खूप वेळ हसत होती आणि मी तिथे उभा राहून तिच्या पायांकडे बघत होतो. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. ती पलंगावरून उतरताना भिंत धरायची ते दहा-बारा दिवस. त्या दिवसांत पायाला विश्रांती मिळाली असती, डॉक्टरांना विचारलं असतं, तर कदाचित कंडरा वाचली असती. कदाचित. मी म्हणालो, "मी म्हटलं होतं जाईल आपोआप."

"म्हटलं होतं खरं," ती म्हणाली. तिने मला माफ वगैरे केलं नाही. तसलं ती करत नसे. म्हणाली, "चहा टाका. आणि कोरा कागद द्या."

तिच्या डोक्यात काय आहे ते मला त्या संध्याकाळी कळलं. पुढची अकरा वर्षं तिला दुसरं काही नको होतं. ही गोष्ट माणसाला पहिली गोळी तोंडात टाकायच्या आधी कळली पाहिजे. कागदात नाही, कागद कोणी वाचत नाही, हे तिच्याइतकं कोणाला पटलं होतं? औषधाच्या दुकानात, गोळ्या हातात पडताना, सरळ आणि मोठ्या अक्षरांत.

लेक धावून आली होती, जावई आला होता, दोघंही चिडलेले. लेक म्हणाली, "आई, सरळ लिही ना, या गोळ्या घेऊ नका. मोठ्या अक्षरांत. लाल रंगात."

"असं नाही लिहायचं."

"का? तुझं जे झालं ते झालं नाही का?"

"माझं झालं. पण कोणाला फुप्फुसात संसर्ग झालाय, दुसरं औषध लागू पडत नाहीये, डॉक्टरांनी नीट विचार करून हीच गोळी दिलीय, आणि त्याने तुझी लाल अक्षरं वाचून ती मोरीत टाकली. मग? त्याच्या घरी रडायला तू जाशील?"

"तुला राग येत नाही का ग आई?"

"येतो की. पण राग छापून कोणाच्या पायाला काय उपयोग?"

मी पस्तीस वर्षं छापखान्यात काढली, पुष्कळ हुशार माणसं बघितली. ज्या औषधाने आपला पाय गेला त्याची बाजूही लिहिणारं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

मजकूर लिहायला तिला तीन महिने लागले. पहिला चार पानांचा झाला. तो तिने मला वाचायला दिला. मी दुसऱ्या पानावर झोपलो. तिने तो फाडला. मग तिने नियम केला, मजकूर खिडकीत बसला पाहिजे. खिडकीच्या रुंदीची ओळ, आणि एका हातात मावेल एवढीच चिठ्ठी. रोज एखादा शब्द जायचा. "संभाव्य" गेला, "प्रतिकूल" गेला. "कंडरा" गेला, "टाचेमागे" आला. जेवताना मधेच घास हातात धरून ती विचारायची, "तुम्हाला 'बधिरपणा' म्हटलं तर काय समजतं?" मी म्हणायचो, "पाय झोपल्यासारखा." मग ती तेच लिहायची. मी तिचा अडाणी माणूस होतो. मला जे कळायचं नाही ते ती काढून टाकायची, आणि मला न कळायला फारसं काही लागत नाही.

शेवटी हे उरलं. मला तोंडपाठ आहे.

*या गोळ्या कामाच्या आहेत. पण पहिली गोळी घेण्याआधी हे वाचा. तुमचं वय साठच्या पुढे आहे का? कशासाठीही स्टिरॉइड चालू आहे का? असेल तर आधी डॉक्टरांना तसं सांगा. टाचेमागे, खांद्यात, मनगटात दुखलं, पायांत आग झाली, मुंग्या आल्या, पाय झोपल्यासारखा झाला, तर जाईल आपोआप म्हणू नका. चालून बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. गोळ्या संपून महिने झाले असले तरी सांगा. आपल्या मनाने औषध सोडू नका, आणि विचारायला लाजू नका.*

मी वाचलं आणि म्हणालो, "हे काय? माझं वाक्य घातलंस?"

"सगळे हेच म्हणतात हो. तुम्हीच एकटे नाही." मग चिठ्ठी माझ्या हातातून घेत, "पण तुमच्याकडून शिकले."

मालकांनी छापायला आधी नकार दिला. कंपन्यांचं काम आहे, म्हणाले, उगाच कोणाच्या डोळ्यावर येईल. ती कुबडी घेऊन त्यांच्या खोलीत गेली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "यात एक शब्द असा दाखवा जो आपण त्यांच्या कागदावर छापलेला नाही. फक्त लोकांना कळेल असा केलाय." मालकांनी ती चिठ्ठी वाचली. मग म्हणाले, "चाळणीबाई, कापून उरलेला पिवळा कागद पडलाय. तो वापरा. आणि माझं नाव कुठे घालू नका."

औषधवाल्याला पटवणं अवघड गेलं. कोपऱ्यावरचं दुकान, मालक तोंडाने फटकळ. "वहिनी, मी गोळ्या विकतो, उपदेश नाही. लोक घाबरून परत देतील, मग मी काय करू?"

"घाबरणार नाहीत. वाचून बघा."

त्याने वाचलं, डोकं खाजवलं. "आणि डॉक्टर ओरडले तर?"

"तर त्यांना माझा नंबर द्या."

दोघे ओरडले. एकाशी ती फोनवर अर्धा तास बोलली. मी शेजारी बसून ऐकत होतो, ती एकदाही आवाज चढवत नव्हती, फक्त म्हणत होती, "बरोबर आहे डॉक्टर. आणि यातलं चूक काय आहे तेवढं सांगा, मी आजच दुरुस्त करते." दुसरे ओरडणारे म्हणजे ज्यांनी तिला गोळ्या दिल्या तेच. ते एक दिवस घरी आले. दारात उभे राहून म्हणाले, "मी स्टिरॉइडबद्दल विचारायला हवं होतं." ती म्हणाली, "मीही सांगायला हवं होतं. आत या, उभ्याने बोलू नका." ते बसले. जाताना दवाखान्यात ठेवायला शंभर चिठ्ठ्या घेऊन गेले.

अकरा वर्षं मी त्या चिठ्ठ्या छापून, कापून आणल्या. ती प्रत्येक गठ्ठ्यातली पहिली चिठ्ठी तपासायची, उलटी, आणि लाल खूण करायची. मनगटही दुखायला लागलं होतं तेव्हा. पेन्सिल तिने स्पंज गुंडाळून जाड केली होती. पाय काही पूर्ण बरे झाले नाहीत. काठी कायमची आली. पायात चप्पल आहे की नाही ते बघायला ती खाली बघून चालायची, आणि लोकांना वाटायचं बाई लाजाळू आहे. लाजाळू! घरी बसून ती दुसऱ्या छापखान्यांची प्रूफं तपासायची, पाय गार पाण्याच्या टबात ठेवून. मी विचारायचो, फार दुखतंय का. ती म्हणायची, "आज सात." म्हणजे दहापैकी. नऊ असलं तरी सातच म्हणायची हे मला फार उशिरा कळलं.

कधी कधी कोणी दार वाजवायचं. एक टॅक्सीवाला आला होता. तिसऱ्या गोळीला खांदा धरला, चिठ्ठी आठवली, डॉक्टरांना फोन केला, औषध बदललं. तो सांगत होता आणि स्टिअरिंग फिरवल्यासारखा हात गरगर फिरवून दाखवत होता. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "अहो, हे कशामुळे झालं हे कोणीच नक्की सांगू शकणार नाही. खांदा असाही दुखतो."

"पण तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तो छान हात फिरवतो."

गेल्या हिवाळ्यात ती गेली. मेंदूत रक्तस्राव झाला, दोन दिवसांत आटोपलं. गोळ्यांशी त्याचा संबंध नव्हता. मी विचारलं होतं. तिने मला विचारायला शिकवलं होतं.

ती गेल्यावर मी एकही चिठ्ठी छापली नाही. मी आधीच निवृत्त झालो होतो, मालकांच्या मुलाने पिवळा कागद वगैरे बंद केला होता. औषधवाला भेटायला आला तेव्हा म्हणाला, "काका, माझ्याकडे थोड्या उरल्यात. संपेपर्यंत देतो." मग उन्हाळ्यात त्यानेही दुकान विकलं आणि मुलाकडे राहायला गेला. मी त्या कोपऱ्यावरून जाणं बंद केलं. दोन गल्ल्या फिरून पाव आणायचो. संपलं असणार, मला वाटायचं. ती गेली, तिच्याबरोबर तेही गेलं. बघायला जायची छाती नव्हती.

या महिन्यात मला लघवीला जळजळ आणि ताप. लेकीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, 'जाईल आपोआप' म्हणालात तर मी आत्ता गाडीत बसते." म्हणून गेलो. दवाखान्यात नवीन डॉक्टर होते, तरुण, घाईत. तपासलं, लघवी तपासायला पाठवली आणि रिपोर्ट यायच्या आधी गोळ्या लिहून दिल्या. नाव मी वाचलं. नाव नवीन होतं, आमच्या छापखान्यातलं नव्हतं. मी सदुसष्ट वर्षांचा आहे, आणि गुडघ्यांसाठी गेल्या महिन्यापासून स्टिरॉइड चालू आहे. हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी, तिच्याबरोबर एवढं सगळं बघून, मी सांगितलं नाही. मला आठवलंच नाही.

ताप होता, अंगात त्राण नव्हतं. दोन गल्ल्या फिरणं शक्य नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.

काउंटरमागे एक जाड बाई होत्या, चष्मा गळ्यात दोरीला. मला ओळखत नव्हत्या. डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, आत गेल्या, खोकं आणलं. मी हात पुढे केला तर त्यांनी खोकं मागे ओढलं.

"थांबा काका. घाई कशाची?"

त्यांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. पांढरा, वाकडा कापलेला, झेरॉक्सचा झेरॉक्स काढलेला, अक्षरं जराशी फुटलेली. चष्मा डोळ्यांवर चढवला.

"डोळे कसे आहेत? वाचता येईल की मी वाचू?"

मला वाचता आलं असतं. न बघता म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "तुम्ही वाचा."

त्या खणखणीत आवाजात वाचायला लागल्या, मागे दोन माणसं उभी होती तीही ऐकत होती. "या गोळ्या कामाच्या आहेत. पण पहिली गोळी घेण्याआधी हे वाचा. तुमचं वय साठच्या पुढे आहे का?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दिसतंच आहे. कशासाठीही स्टिरॉइड चालू आहे का?"

मी मान हलवली.

"आहे? कशासाठी?"

"गुडघे."

"मग डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाही."

"कमाल आहे तुमची." आणि पुढे वाचत राहिल्या, एक शब्दही न गाळता, टाच, खांदा, मनगट, आग, मुंग्या. "तर जाईल आपोआप म्हणू नका," त्या म्हणाल्या आणि मान वर केली. "काका, हे खास तुमच्यासारख्यांसाठी लिहिलंय बघा."

"हो," मी म्हणालो. "माझ्यासाठीच लिहिलंय."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. मग खोकं काउंटरच्या खाली ठेवलं, फोन उचलला आणि दवाखान्याचा नंबर फिरवून फोन माझ्या हातात दिला. मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. थांबा, मी दुसरं लिहून पाठवतो. रिपोर्ट आला की परत बघू."

दुसऱ्या गोळ्या मिळाल्या. मी त्या बाईंना विचारलं, हा कागद तुम्हाला कुठे मिळाला?

"दुकान घेतलं तेव्हा ड्रॉवरमध्ये पिवळी एकच उरली होती. आधीच्या मालकांनी बजावलं होतं, बाकी काहीही बदला, पण या गटाच्या गोळ्यांबरोबर हे देणं बंद करू नका. मग तिचा झेरॉक्स काढला, आता त्यावरूनच काढते. का, काय झालं?"

"काही नाही. एक मी घेऊ?"

"घ्या की. हवी तर चार घ्या."

मी एक घेतली. बाहेर येऊन उन्हात बघितली. खालच्या कोपऱ्यात एक करडी रेघ होती, झेरॉक्समध्ये डागासारखी आलेली. बरोबरची खूण, लांब शेपटीची. गठ्ठ्यातली पहिली चिठ्ठी तिने तपासून ठेवली होती, आणि नेमकी तीच ड्रॉवरमध्ये उरली होती.

मी तिथेच पायरीवर बसून ती चिठ्ठी वाचली. शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत, बोटाने एकेक शब्द झाकत. मला सवय नाही, वेळ लागला. एकही चूक सापडली नाही.

घरी आल्यावर लेकीला फोन केला. "बाबा, काय दिलं डॉक्टरांनी?" तिने विचारलं.

"आधी जे दिलं होतं ते तुझ्या आईने बदलायला लावलं," मी म्हणालो.

ती नाक ओढून म्हणाली, "आणि टाच? टाच नाही ना दुखत?"

"नाही. पण दुखली तर सांगेन," मी म्हणालो. "त्याच दिवशी सांगेन."